मामाचं कर्ज आणि भाच्याचं कीर्तन



आजचं वाचन महाभारताच्या वनपर्वातलं, यक्षप्रश्नांचं. गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. पांडव वनवासात आहेत, सगळे तहानलेले. एकेक भाऊ पाणी आणायला तळ्यावर जातो, यक्षाचं न ऐकता पाणी पितो आणि निपचित पडतो. शेवटी युधिष्ठिर पोचतो. चार भाऊ समोर पडलेले असताना त्याला यक्षाच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची आहेत. त्यातला एक प्रश्न असा, की या जगात सुखी कोण?

खरं तर इथे त्याने मोक्ष, समाधी, वैराग्य असं काही सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण त्याचं उत्तर थेट स्वयंपाकघरातलं आहे. तो सांगतो की जो आपल्या स्वतःच्या घरी साधी पालेभाजी शिजवून खातो, ज्याच्या डोक्यावर ऋण नाही आणि ज्याला घर सोडून परमुलखात राहावं लागत नाही, तो सुखी. ही भाजी कधी शिजते याचे पाठ वेगवेगळे आहेत. काही प्रतींत ती पाचव्या-सहाव्या दिवशी शिजते, काहींत दिवस कलल्यावर. कुठलाही पाठ घेतला तरी माणूस गरीबच आहे, त्याच्या ताटात दुसरा पदार्थ नाही. तरीही धर्मराज त्याला सुखी म्हणतो, कारण त्याने कुणाचं देणं ठेवलेलं नाही.

हे वाचलं आणि मला गाडगेबाबा आठवले. आपल्या नाशिकमध्ये गोदावरीवर त्यांच्या नावाचा पूल आहे. पावसाळ्यात गंगेला पूर आला की दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत पाणी आलं का, गाडगे महाराज पुलाची काय स्थिती आहे, याचे व्हिडिओ आपण एकमेकांना पाठवतो. पण ज्यांचं नाव त्या पुलाला आहे, त्यांचं आयुष्य कुठून सुरू झालं हे विचारलं तर बहुतेकांचं उत्तर खराट्यापाशी थांबतं. स्वच्छता अभियान, झाडू, गाडगं, संपलं. त्या खराट्याच्या आधी एका घरावरचं कर्ज आहे. आज तेवढंच सांगायचं आहे.

शेंडगाव ते दापुरे

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. घर परीट समाजाचं. वडील झिंगराजी जानोरकर, आई सखूबाई, मुलाचं नाव डेबूजी.

त्या वेळच्या चालीरीती आज आपल्याला लांबच्या वाटतील, पण जरा नीट पाहा. घरात काहीही झालं, बारसं असो, लग्न असो की मयताचा तेरावा, समाजाला जेवण घालायचं. जेवण म्हणजे मटण आणि दारू. नाही घातलं तर चार लोक नावं ठेवणार. ऐपत नसली तरी घालायचं, मग त्यासाठी उसने आणायचे. झिंगराजी याच रहाटगाडग्यात सापडले. पंगतीतली दारू हळूहळू घरात आली, तब्येत गेली, होतं नव्हतं ते गेलं. डेबूजी सात-आठ वर्षांचा असताना वडील वारले.

सखूबाई पोराला घेऊन माहेरी आली, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुरे गावी. तिथे आजोबा हंबीरराव आणि मामा चंद्रभान. घर शेतकऱ्याचं, खाऊन-पिऊन बरं. डेबूजी आधी गुरं राखायला जायचा, मग औत धरायला लागला. शाळेत गेला नाही. पण शेतीतलं काम त्याच्या हाताला असं बसलं की मामाला भाच्याचा मोठा आधार वाटू लागला. गुरांचा गोठा स्वच्छ ठेवणं आणि रात्री भजनात बसणं ही त्याची आवड तिथलीच. एका विधवा आईला आणि पोरक्या पोराला भावाच्या घरात मानाने जागा मिळाली होती. गोष्ट इथेच संपली असती तर आपल्याला गाडगेबाबा मिळाले नसते.

वहीतला आकडा

मामावर सावकाराचं कर्ज होतं.

तो काळ समजून घ्यायला हवा, नाहीतर मामा आपल्याला नुसता अडाणी वाटेल. १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध सुरू होतं. तिकडचा कापूस थांबला आणि इंग्लंडच्या गिरण्यांना आपल्याकडचा कापूस हवासा झाला. भाव चढले, वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत पैसा दिसू लागला आणि सावकारांनी हात सैल सोडला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले. कर्ज मात्र तसंच राहिलं. सरकारला सारा रोख द्यायचा आणि रोख पैसा सावकाराकडेच. बाबांच्या जन्माच्या आदल्याच वर्षी, मे १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. त्यांना मुख्यतः हवी होती ती कर्जाची कागदपत्रं. ती हिसकावून त्यांनी जाळली. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं, त्यालाच आपण दख्खनचे दंगे म्हणतो. पुढे १८७९ मध्ये सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी होता. वऱ्हाड त्यात नव्हतं.

म्हणजे चंद्रभानमामा एकटा नव्हता. पिकाच्या भावाचा भरवसा नाही, सारा चुकत नाही, आणि हिशेब ज्याच्या वहीत आहे त्यालाच फक्त वाचता येतो, अशा व्यवस्थेत तो अडकला होता. चरित्रकार सांगतात की मामा पैसे फेडत होता. पीक निघालं की माल सावकाराच्या दारात जायचा. पण फेडल्याची पावती नव्हती. वहीत काय मांडलंय ते घरात कुणालाच वाचता येत नव्हतं. कष्ट दरवर्षी वाढत होते आणि आकडाही दरवर्षी वाढत होता. आणि एक दिवस कळलं की जमीन सावकाराची झाली.

मामाने हाय खाल्ली. त्या धक्क्यातून तो उठला नाही.

जमिनीचा ताबा घ्यायला सावकाराची माणसं आली तेव्हा हा तरुण भाचा त्यांना आडवा गेला, अशी हकीकत बहुतेक चरित्रांत येते. गावात सावकारापुढे मान वर करायची कुणाची छाती नव्हती, तिथे एक परटाचा पोर औताशी उभा राहिला. पुढे शेतीचा आणि घराचा भार त्याच्याच अंगावर पडला.

मला या प्रसंगात त्याच्या धाडसापेक्षा दुसरीच गोष्ट जास्त बोचते. कर्ज मामाने काढलं होतं. ते फेडलं कुणी? म्हाताऱ्या आजोबांनी फेडलं, नवऱ्याच्या मागे भावाकडे आलेल्या सखूबाईने फेडलं, गुरं राखणाऱ्या डेबूजीने आपल्या बालपणातून फेडलं. यांतल्या एकालाही कर्ज काढताना विचारलं नव्हतं. कागदावर नाव एकाचं असतं, हप्ता सगळं घर भरतं. गाडगेबाबांनी पुढे आयुष्यभर जे सांगितलं, त्याचं मूळ मला इथे दिसतं.

बारशाचं जेवण

१८९२ मध्ये डेबूजीचं लग्न झालं, कुंताबाईंशी. पुढे मुलगी झाली, अलोका. बारसं आलं आणि तोच जुना प्रश्न दारात उभा राहिला. समाजाला मटण आणि दारू घालायची की नाही?

विचार करा, त्याच्या जागी तुम्ही असता तर. पहिलं बारसं आहे. सगळे नातेवाईक वाट बघतायत. वडिलांनी हेच केलं, आजोबांनी हेच केलं. आणि वडील कशाने गेले हेही तुम्हाला ठाऊक आहे. डेबूजीने पंगतीत गोडाचं जेवण वाढलं. दारू नाही, मटण नाही. लोक बिथरले, बोल लावले. तो वाद घालत बसला नाही, त्याने वाढायचं ते वाढलं.

आज आपल्याला ही साधी गोष्ट वाटते. पण कर्ज घरात शिरतं ते बहुतेक वेळा अशाच एखाद्या चांगल्या दिवशी, बारशाच्या, साखरपुड्याच्या, वास्तुशांतीच्या दिवशी. दुष्काळातलं कर्ज माणूस रडत काढतो, पंगतीचं कर्ज हसत काढतो. आणि दुसऱ्या प्रकारचं जास्त घात करतं, कारण ते काढताना कुणी थांबवत नाही, उलट सगळे वाहवा करतात. डेबूजीने घरातल्या त्या दाराला कडी घातली.

ऋणमोचन

१ फेब्रुवारी १९०५. एकोणतिसाव्या वर्षी डेबूजीने घर सोडलं. घरी आई, बायको, लहान मुलं. अंगावर चिंध्या, हातात काठी आणि फुटक्या मडक्याचं एक खापर. त्या खापरातच तो भाकरी खायचा, तेच कधी डोक्यावर टोपीसारखं घालायचा. लोक गाडगेवाला बुवा म्हणू लागले आणि डेबूजी जानोरकर हे नाव मागे पडलं.

इथे आपल्यापैकी बऱ्याच जणांचा, विशेषतः मुलींचा, प्रश्न असतो. बायको-मुलांना सोडून जाणं हा कसला धर्म? प्रश्न रास्त आहे आणि मी तो झाकणार नाही. कुंताबाईंनी आणि सखूबाईंनी पुढची वर्षं कष्टात काढली. बाबांचं हे पाऊल आपण गिरवायचं नाही. पण धर्मराजाच्या उत्तरात दोन अटी होत्या ते आठवा, ऋण नको आणि परमुलखाची वणवण नको. बाबांनी दुसरं सुख स्वतःपुरतं सोडलं आणि लोकांच्या घरात पहिलं यावं म्हणून गावोगाव हिंडले, असं मला वाटतं.

त्यांचं काम कुठे सुरू झालं पाहा. अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीकाठी एक तीर्थ आहे. तिथे मुद्गलेश्वराचं देऊळ आहे आणि पौष महिन्यात रविवारी यात्रा भरते. भाविक नदीत उतरताना चिखलात रुतायचे, घसरायचे. बाबा तिथे जाऊन वाट नीट करायचे, कचरा काढायचे, म्हाताऱ्याकोताऱ्यांना हात द्यायचे. १९०८ मध्ये तिथे पूर्णेवर घाट बांधला गेला. या तीर्थाचं नाव ऋणमोचन.

ऋण फिटावं म्हणून लोक तिथे स्नानाला येत. आपल्या शास्त्रात माणूस देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण घेऊनच जन्माला येतो असं सांगितलंय, आणि ती फेडणं म्हणजेच जगणं. ज्याच्या घराची जमीन ऋणापायी गेली तो माणूस ऋणमोचन नावाच्या गावी जाऊन बुडी मारून परत आला नाही. त्याने लोकांना नदीपर्यंत नीट जाता यावं म्हणून पायऱ्या बांधल्या. मला वाटतं, त्याची तीनही ऋणं तिथूनच फिटू लागली.

रात्रीचं कीर्तन

बाबांची पद्धत ठरलेली होती. गावात शिरलं की आधी खराटा. दिवसभर गटारं, पाणवठे, देवळाचं आवार झाडायचं. त्यांना कुणी ओळखत नसे, लोक वेडा समजत. एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच. संध्याकाळी तोच माणूस कीर्तनाला उभा राहायचा आणि गोपालाच्या गजराने गाव दणाणून जायचं.

ते लिहायला-वाचायला शिकले नव्हते. पण तुकोबांचे अभंग तोंडपाठ. आणि तुकोबा हे त्यांच्या दृष्टीने नुसते कवी नव्हते. तुकोबांच्या घरीही सावकारी होती, दुष्काळ पडला तेव्हा लोकांकडून येणं असलेली खतं त्यांनी आपल्या वाट्यापुरती इंद्रायणीत बुडवली. एका बाजूला येणं सोडून देणारा वाणी, दुसऱ्या बाजूला देण्यापायी बुडालेल्या घरातला परीट. एकाच्या अभंगावर दुसऱ्याचं कीर्तन उभं राहिलं.

कीर्तनात बाबा प्रवचन देत नसत, प्रश्न विचारत. समोरच्यांनीच उत्तर द्यायचं, आणि उत्तर देता देता माणूस स्वतःच सापडायचा. विषय तेच तेच. कर्ज काढून सण करू नका. कर्ज काढून लग्न करू नका, यात्रा करू नका, दिवसकार्य घालू नका. दारूला शिवू नका. देवाला बकरं-कोंबडं कापू नका. एक आग्रह मात्र इतका ठाम की तो आजही लोकांच्या तोंडी आहे. घरातली ताटं विकावी लागली तरी चालेल, हातावर भाकरी घेऊन खा, बायकोला हलकं लुगडं घ्या, पण पोरांना शाळेत घाला.

ही शेवटची गोष्ट मी पूर्वी शिक्षणाचा उपदेश म्हणून ऐकायचो. मामाची गोष्ट वाचल्यावर ती वेगळी ऐकू येते. घरात एक जण जरी वाचणारा असता तर सावकाराची वही घरातच तपासली गेली असती. आणि आणखी एक. शिक्षणासाठीसुद्धा ते कर्ज काढा म्हणत नाहीत. आधी घरातलं जे विकता येईल ते विका, जे कमी करता येईल ते कमी करा. खर्चाला मनाई नव्हतीच, फक्त पहिला हात कुठे घालायचा हे त्यांनी सांगितलं.

धर्मशाळा कशासाठी

बाबांनी ठिकठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपूरला १९१७ मध्ये चोखामेळा धर्मशाळेचं काम सुरू झालं. गावाबाहेर उन्हापावसात पडून राहणाऱ्या अस्पृश्य वारकऱ्यांसाठी ती होती. पुढे १९४९ मध्ये ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हाती सोपवली. मूर्तिजापूरला १९२५ मध्ये गोरक्षण, धर्मशाळा आणि विद्यालय झालं. आळंदीला, देहूला झाल्या आणि आपल्या नाशिकलाही गोदाकाठी झाली. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ १९५४ मध्ये रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा झाली.

हे सगळं दानधर्म म्हणून आपण वाचतो. कर्जाच्या बाजूने वाचून बघा. गरीब माणूस नाशिकला अस्थी घेऊन यायचा, सिंहस्थाला यायचा. राहायला जागा नसली तर पैसे मोजायचे, पैसे नसले तर गावातून उसने आणलेले असायचे. वडिलांच्या अस्थी गंगेत सोडायच्या आणि डोक्यावर नवीन देणं घेऊन परत जायचं. मुंबईला घरचा माणूस दवाखान्यात असेल तर आणखी वाईट. औषधाइतकाच खर्च सोबत आलेल्याच्या राहण्या-खाण्याचा. कीर्तनात कर्ज काढू नका असं सांगणं सोपं आहे. ज्या दोन ठिकाणी गरिबाला कर्ज काढण्यावाचून इलाजच नसतो, तीर्थात आणि आजारात, तिथे बाबांनी चार भिंती आणि छप्पर उभं केलं.

आणि या सगळ्याच्या मालकीचं काय? त्यांनी संस्थांची रीतसर कागदपत्रं करून घेतली, विश्वस्त नेमले. आपल्या नातेवाइकांचा यावर काही हक्क नाही हेही स्पष्ट करून ठेवलं. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी गाडगे महाराज मिशन स्थापन झालं. लाखो रुपयांच्या इमारती उभ्या करणाऱ्या माणसाचं कुटुंब त्या इमारतींवर जगलं नाही. स्वतः अक्षरओळख नसलेल्या माणसाने कागद इतका चोख ठेवावा, याचं मला आश्चर्य वाटत नाही. कागद चोख नसला की घराचं काय होतं, हे त्यांनी दापुऱ्यात पाहिलं होतं.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जाताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडीतच त्यांनी देह ठेवला. मागे उरलं ते एक गाडगं आणि एक काठी. कुणाचं देणं उरलं नाही.

आता आपलं घर

हे आज का लिहितोय तेही सांगतो. आमच्या घरात धाकट्या बहिणीचं लग्न ठरलंय, मार्गशीर्षात. पप्पांना गंगापूर रोडवर मोठा हॉल हवाय. त्यांनी आयुष्यभर सगळ्यांच्या लग्नांत जेवलंय, आता आपली पाळी आहे असं त्यांना वाटतं. त्यात वाईट काही नाही. आणि माझ्या मोबाईलवर रोज मेसेज येतो, पाच लाखांचं वैयक्तिक कर्ज आधीच मंजूर आहे, फक्त एक बटण दाबा. सावकाराकडे निदान चालत तरी जावं लागत होतं.

मी शेवटी इंजिनिअर माणूस, एक्सेल उघडलं. पाच लाख रुपये, १२ टक्के व्याज, पाच वर्षं. हप्ता येतो सुमारे ११,१२२ रुपये. पाच वर्षांत भरायचे सुमारे ६ लाख ६७ हजार. म्हणजे एका संध्याकाळच्या पंगतीचे १ लाख ६७ हजार नुसते व्याजाचे. पहिल्या हप्त्यातले ५,००० रुपये तर व्याजातच जातात. ही पाच वर्षं कुणाची? माझी आहेत, माझ्या बायकोची आहेत, आमच्या चार वर्षांच्या मुलीची आहेत. मामाच्या कर्जात डेबूजी होता तशी माझ्या कर्जात ती आहे, आणि तिला कुणी विचारलेलं नाही.

म्हणून रविवारी आम्ही सगळे एकत्र बसलो. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने प्रत्येक किरकोळ कर्जासोबत 'की फॅक्ट स्टेटमेंट' देणं बंधनकारक केलंय. त्यात व्याज, सगळी शुल्कं आणि एकूण वार्षिक खर्चाचा दर एकाच ठिकाणी लिहावा लागतो आणि तोही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. चंद्रभानमामाला हा कागद मिळाला असता तर! आपल्याला मिळतो आणि आपण खाली सरकवून 'सहमत' दाबतो. आम्ही तो मोठ्याने वाचला. वाचायला बहिणीला दिला, कारण लग्न तिचं आहे. वाचून झाल्यावर तीच म्हणाली की एवढे लोक कशाला, साठवलेल्या पैशात बसेल तेवढंच करू.

पप्पा अजून पूर्ण राजी नाहीत. लोक काय म्हणतील ही भीती पासष्ट वर्षांच्या माणसाला एका रविवारी सोडून जात नाही, आणि त्यांना गप्प करून मला जिंकायचंही नाही. डेबूजीलाही बारशाच्या दिवशी बोल ऐकावे लागले. आमच्याकडे यादी अजून रोज वाढते आणि रोज कमी होते.

एक गोष्ट नीट सांगतो. ज्यांच्या डोक्यावर आज कर्ज आहे, आजारपणाचं, शिक्षणाचं, घराचं, त्यांनी हे वाचून अपराधी वाटून घेऊ नका. नाशिकमध्ये पगारदार माणसाने कर्जाशिवाय फ्लॅट घ्यावा असं म्हणणं म्हणजे हवेतली गोष्ट झाली. मामा पापी नव्हता. पण मामाच्या घरात जे नव्हतं ते आपल्या घरात असू शकतं. कर्ज काढायच्या आधी घरातल्या सगळ्यांना कळलं पाहिजे. आपल्यावर एकूण देणं किती, हे नवऱ्याला आणि बायकोला दोघांनाही तोंडपाठ असलं पाहिजे. भरलेल्या प्रत्येक पैशाची पावती असली पाहिजे. आणि चार तासांच्या कौतुकासाठी चार वर्षांचा हप्ता घ्यायचा नाही.

आजचा संकल्प एवढाच. आज रात्री जेवण झाल्यावर दहा मिनिटं घरच्यांसोबत बसा आणि आपल्यावर कुणाकुणाचं किती देणं आहे ते एका कागदावर लिहा. मित्राचे उसने घेतलेले पाचशे रुपयेसुद्धा. कागद देवघरात ठेवा. दर महिन्याला एक तारखेला तो काढून आकडा बदला. ज्या दिवशी तो शून्य होईल त्या दिवशी पालेभाजी करा आणि सगळ्यांनी मिळून खा.

उद्या यक्षाचा पुढचा प्रश्न घेऊ.

राम कृष्ण हरी!